बाबांच्या लेन्सला बुरशी लागली आहे : ड्राय कॅबिनेट घ्यावी की डबा पुरेल?

वाशिष्ठी | ९ जून, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मुक्काम चिपळूण. परवा पहिला दणकून पाऊस झाला आणि आईने वरच्या मजल्यावरचं लोखंडी कपाट आवरायला काढलं. गोधड्यांच्या मागून बाबांचा कॅमेरा निघाला. निकॉन एफएम-२ आणि त्यावर ५० मिमी एफ/१.४ लेन्स. चामड्याच्या केसमध्ये, सोबत दोन डांबरगोळ्या. बाबांनी तो १९८७ साली घेतला. माझ्या बारशापासून बारावीपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक फोटो त्यातलाच. गेली पंधरा-सोळा वर्षं मात्र कुणी हात लावलेला नाही. बाबा आता ७४ वर्षांचे. हात थरथरायला लागला तसा त्यांनी तो ठेवून दिला, मी डिजिटल घेतला आणि हा विसरलाच गेला.

केस उघडली तर चामड्यावर पांढरी भुकटी. लेन्समधून ट्यूबलाइटकडे पाहिलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, एका कडेपासून जवळजवळ मध्यापर्यंत. बाबांना दाखवली. त्यांनी हातात घेतली, फोकसची रिंग एकदा इकडे एकदा तिकडे केली, "फिरतेय अजून" म्हणाले आणि पुन्हा पेपर उघडला.

प्रश्न दोन. ही लेन्स साफ करून घेण्यात अर्थ आहे का? आणि माझ्या डिजिटल डी-५६०० च्या दोन लेन्स अजून स्वच्छ आहेत, त्या तशाच राहाव्यात म्हणून ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं विजेवरचं कपाट) घ्यावी का? ऑनलाइन दहा हजारांच्या आसपास दिसतेय. बायको म्हणते लोणच्याच्या बरणीत ठेव. तिचं अगदीच चुकत नाही असं मलाही वाटायला लागलंय.

पावशेर | ९ जून, रात्री ९:५२

बरणीत ठेवणार असाल तर वर चार बोटं तेल हवं. बुरशी धरत नाही.

एफ_आठ | ९ जून, रात्री १०:३०

पावशेर पहिल्याच चेंडूवर. असो.

साफ होईल की नाही ते बुरशी कुठे बसली आहे त्यावर आहे. सुट्ट्या भिंगावर असेल तर लेन्स उघडून पुसता येते. दोन भिंगं एकमेकांना चिकटवलेली असतात, त्या जोडात शिरली असेल तर विषय जवळपास संपला. घरी बघायचं असं : खोलीत अंधार करा, अॅपर्चर (लेन्समधलं लहानमोठं होणारं भोक) १.४ वर पूर्ण उघडा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून पाहा. तिरकाच. समोरून मारलात तर नुसती धूळ दिसेल, तीही इतकी की रात्री झोप लागणार नाही. थोड्याफार धुळीने फोटोला काही होत नाही.

पुसल्यावर तंतू जातात, पण बुरशीतून सुटणारं आम्ल भिंगावरचा लेप खातं. तो डाग राहतो. रोजच्या फोटोत कळणारही नाही, पण समोर दिवा किंवा सूर्य आला की फोटो धुरकट येईल.

डांबरगोळ्या आजच्या आज बाहेर. त्यांची वाफ भिंगावर बसते. चामड्याची केसही वेगळी करा. चामडं ओल धरून ठेवतं, बुरशीला ते पक्वान्न.

कॅबिनेट की डबा? आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली पाहिजे, ती कशाने राहते याच्याशी बुरशीला देणंघेणं नाही. रबरी कडेचा हवाबंद डबा, अर्धा किलो सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा एक छोटा हायग्रोमीटर, एवढ्यात काम होतं. आकडा ३० च्या खाली मात्र नेऊ नका. वंगण आणि रबर सुकतं.

तर्री_पोहे | ९ जून, रात्री १०:४४

भाऊ, आमच्या नागपुरात या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. बुरशी त सोडाच, बॅगेतली लेन्स कॅप नरम पडते. तुमच्या लेन्सले दोन महिने उन्हाळी सुट्टीले पाठवून द्या आमच्याकडं.

कोकमकढी | ९ जून, रात्री ११:०५

फोंड्याहून लिहितेय. आमच्याकडे पावसाळ्यात बूट हिरवे होतात, पट्टे हिरवे होतात, एका वर्षी पासपोर्टाच्या कव्हरवर पण शेवाळ आलं होतं. लेन्सचं कौतुक काय घेऊन बसलात.

मी सहा वर्षं डबाच वापरते. एकच सांगणं : सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते ओल पिऊन टम्म झालेत असं समजायचं. कढईत मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होतात. पण ती कढई वेगळी ठेवा. निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो, पोटात जायचा नव्हे. आमच्याकडे सासूबाईंनी त्याच कढईत कांदा टाकला होता, सुदैवाने मी स्वयंपाकघरात होते. आता कढईच्या कानाला लाल दोरा बांधलाय. हल्ली नारिंगी दाणे मिळतात, ते हिरवट होतात. त्यांत कोबाल्ट नसतो म्हणतात, तरी दोरा मी सोडलेला नाही.

आणि परतलेले दाणे थंड करून मगच डब्यात. पण उघड्यावर थंड करू नका, हवेतली ओल पुन्हा पितात. बरणीत झाकून.

पावशेर | ९ जून, रात्री ११:०९

म्हणजे बरणी आलीच शेवटी. वहिनी बरोबर होत्या.

अंधारखोली | १० जून, सकाळी ६:१५

मी सांगलीत ३४ वर्षं स्टुडिओ चालवला. २०१२ ला शटर ओढलं. ड्राय कॅबिनेट हा शब्द तुमच्या पिढीचा. आम्ही कपाटात झिरोचा बल्ब लावायचो.

लाकडी कपाट, खालच्या फळीवर १५ वॅटचा बल्ब, वरच्या फळीला ड्रिलने भोकं पाडलेली आणि त्यावर कॅमेरे. बल्ब जूनपासून दसऱ्यापर्यंत रात्रंदिवस चालू. आत हवा थोडी कोमट राहते, तेवढ्याने आर्द्रता खाली येते. २००५ चा आणि त्यानंतरचा महापूर सोडला तर माझ्या एकाही लेन्सला त्या कपाटात बुरशी लागली नाही. पुरात बल्ब काय करणार.

मात्र खरं कारण बल्ब नव्हे. त्या लेन्सा रोज बाहेर निघायच्या. लग्न, मुंज, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप फोटो. रोज वारा, रोज उजेड. ज्या महिन्यात लग्नं नसायची त्या महिन्यातही मी दर आठवड्याला सगळ्या खिडकीत मांडून ठेवायचो. वाशिष्ठी, तुमच्या बाबांच्या लेन्सला ओलीने खाल्लं हे खरं, पण काळोखात कोंडून ठेवल्यामुळेच ओलीला ते जमलं.

मोहोर | १० जून, सकाळी ९:२०

अंधारखोली काका, आता इथे कबुली देतेच. झिरोच्या बल्बची युक्ती मी कुठेतरी वाचली होती. ठाण्यात कपाटाच्या तळाला बल्ब लावला आणि दोन पावसाळे मोठ्या अभिमानाने चालू ठेवला. तिसऱ्या वर्षी १०५ मिमीच्या मॅक्रोमध्ये (अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्समध्ये) तंतू.

बल्ब एलईडीचा होता.

अंधारखोली | १० जून, सकाळी ९:३१

अरेरे. तो गरम होतच नाही. तुम्ही बुरशीला वाचायला दिवा लावून दिलात.

तर्री_पोहे | १० जून, सकाळी ९:४०

=)) आजचा प्रतिसाद. काकांना माझ्याकडून एक प्लेट तर्री.

चित्रबलाक | १० जून, दुपारी १:१५

उन्हात ठेवण्याचा विषय निघणारच, म्हणून आधीच सांगतो. अतिनील किरणांनी बुरशी मरते म्हणून लोक लेन्स उन्हात ठेवतात. मीही ठेवली. गच्चीवर, टोपण न लावता, आभाळाकडे तोंड करून. शेजारी आईचे उडदाचे पापड वाळत होते. ऊन कललं, लेन्सने सूर्य गोळा केला आणि एका पापडाला बरोबर मध्यभागी भोक पाडून खालच्या साडीपर्यंत गेली. जळका वास आला म्हणून खाली असलेली आई वर धावत आली. लेन्स शाबूत, साडी गेली.

मुळात ही किरणं भिंगांच्या आतपर्यंत फारशी पोहोचतच नाहीत, काच बरीचशी अडवते. जालीम इलाज नाही, आग लागण्याची सोय मात्र आहे. ठेवायचीच असेल तर सावलीतल्या उजेडात.

पावशेर | १० जून, दुपारी १:१९

पापड भाजायला ५० मिमी लागते की टेली?

चित्रबलाक | १० जून, दुपारी १:२६

२०० मिमी. मागचा पापड पुसट आला पाहिजे.

नवखा_क्लिक | १० जून, दुपारी २:५०

खूप उपयुक्त धागा. एक बाळबोध शंका : बुरशी लागलेली लेन्स चांगल्या लेन्सशेजारी ठेवली तर पसरते का? आणि डब्यात तांदूळ ठेवले तर चालतील का, मोबाइल ओला झाल्यावर ठेवतात तसे?

एफ_आठ | १० जून, दुपारी ३:३०

तांदूळ नको. ओल फार पीत नाहीत आणि त्यांची पिठी रिंगांमध्ये जाते. भात करा.

पसरते का, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत : बुरशीचे बीजाणू हवेत असतातच, तुमच्या आमच्या सगळ्यांच्या लेन्समध्ये आत्ताही आहेत. ओल मिळाली की उगवतात, नाही मिळाली की पडून राहतात. त्यामुळे ‘संसर्ग’ ही भीती फुगवलेली आहे.

कोकमकढी | १० जून, दुपारी ३:४८

असहमत. एका डब्यात आजारी लेन्स ठेवली आणि त्याच पावसाळ्यात शेजारची गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

एफ_आठ | १० जून, दुपारी ३:५५

त्या डब्यात आर्द्रता किती होती?

कोकमकढी | १० जून, दुपारी ४:०२

तेव्हा मीटर नव्हता.

एफ_आठ | १० जून, दुपारी ४:०४

मग झालं की. दोघींना एकाच ओलीने गाठलं.

कोकमकढी | १० जून, दुपारी ४:१०

तुमच्या घरी कांजिण्या झालेल्या मुलाशेजारी दुसऱ्याला झोपवता का? वेगळी ठेवायला एक डबा जास्त लागतो, वाद घालायला चार प्रतिसाद. वाशिष्ठी, वेगळीच ठेवा.

बर्फगोळा | ११ जून, पहाटे ४:३०

टोरोंटोहून. इथे हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी की दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. बुरशीची चिंता नाही, पण दुसरंच दुखणं. उणे १५ मधून कॅमेरा घरात आणला की क्षणात त्याला दरदरून घाम. पहिल्या वर्षी मी कौतुकाने लेन्स काढून आत पाहिलं, सेन्सरवरही दव.

तेव्हापासून बाहेर असतानाच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, तोंड घट्ट बांधतो आणि घरात तास-दोन तास तसाच ठेवतो. घाम पिशवीला फुटतो, कॅमेऱ्याला नाही. कार्ड तेवढं आधी काढून घेतो, नाहीतर बायको फोटो बघायला मागते आणि पिशवी उघडली जाते. तुमच्याकडे एसी गाडीतून उतरून घाटात धबधब्यासमोर कॅमेरा काढला की हेच होतं, फक्त उलट्या दिशेने. काचा खाली करून दहा मिनिटं आधीच कॅमेऱ्याला बाहेरची हवा दाखवा.

मोहोर | ११ जून, सकाळी १०:१०

बर्फगोळा, पिशवीची युक्ती भंडाऱ्यालाही चालते. सोमवतीला जेजुरीला गेले होते. पायऱ्यांवरून भंडारा उधळतात तेव्हा व्ह्यूफाइंडरमध्ये नुसतं पिवळं दिसतं आणि ते पिवळं सगळीकडे शिरतं. कॅमेऱ्याला स्वयंपाकघरातली चिकटणारी पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळली होती, फक्त पुढची काच उघडी. झूमची रिंग तेवढी मोकळी सोडली, कारण फिरवायची होती. आजही ती फिरवली की करकरते. वास मात्र छान येतो.

तिथे लेन्स बदलण्याचा विचारही मनात आणू नका. शेजारच्या एका मुलाने बदलली. त्याच्या पुढच्या सगळ्या फोटोंत खंडोबाची कृपा दिसत असणार.

नवखा_क्लिक | ११ जून, सकाळी ११:००

हे सगळं वाचून मोबाइलच बरा वाटायला लागलाय. बुरशी नाही, डबा नाही, कढई नाही.

चित्रबलाक | ११ जून, सकाळी ११:४०

थंडीत भिगवणला या मोबाइल घेऊन. उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगावला नाव करू. पट्टकदंब पक्षी उडाले की मोबाइलमध्ये त्यांचा मोहरीएवढा ठिपका येतो. माझ्याकडे १५०-६०० आहे, डीएक्स (लहान सेन्सरच्या) बॉडीवर ती ९०० सारखी वागते, तरी नावाडी म्हणतो, "सायेब, अजून थोडं जवळ न्यायचं का?" त्याला दिसतं ते माझ्या लेन्सला दिसत नाही.

मोहोर | ११ जून, सकाळी ११:५२

१५०-६०० घरी कितीला सांगितलीत, खरं बोला.

चित्रबलाक | ११ जून, दुपारी १२:०५

मित्राने वापरायला दिलीय. तीन वर्षांपूर्वी. मित्र फार चांगला आहे.

तर्री_पोहे | ११ जून, दुपारी १२:१२

मी त सांगतो का जुनी होती, एक्सचेंजमध्ये आली. काय एक्सचेंज केलं ते अजून कोणी इचारलं नाही.

मोहोर | ११ जून, दुपारी १२:३०

तुम्ही सगळे लपवता, आमच्या घरी उलटं. लेन्स मी माझ्या पगारातून घेते आणि बिल फ्रीजवर लावते. नवरा मात्र पाहुण्यांसमोर किंमत विचारली की निम्मी सांगतो. का, तर "लोकांना वाटेल आपल्याकडे खूप पैसे आहेत, उसने मागतील". आणि त्यातूनच पुढची आपत्ती : "तुझ्याकडे मोठा कॅमेरा आहे ना, मग साखरपुड्याला फोटोग्राफर कशाला!" मागच्या मे महिन्यात चुलतसासऱ्यांच्या नातीच्या साखरपुड्यात मी एकाही पंगतीला बसले नाही. बाराशे फोटो काढले. त्यांनी स्टेटसला लावला तो कुणाच्या तरी भाच्याने मोबाइलवर काढलेला.

अंधारखोली | ११ जून, दुपारी ४:४५

मोहोर, फुकट फोटो काढायचे असतील तर जेवणाचं ताट आधी मागून घ्यायचं. ३४ वर्षांत एवढं एकच शहाणपण मी कमावलं. पहिल्या पंगतीला बसणारा फोटोग्राफर बघून लोक नाक मुरडतात, मुरडू देत. शेवटच्या पंगतीला जिलेबी नसते.

आणि बाराशे! आमच्या वेळी लग्नाला चार रोल, म्हणजे १४४ फोटो. जपून लावला तर रोलमागे एखादा जास्त निघायचा. अंतरपाट दूर होतो त्या क्षणाला एकच फोटो, चुकला तर चुकला. मी श्वास धरून उभा असायचो. क्लिक-३ कॅमेऱ्यावर शिकलो मी, त्यात १२० च्या रोलवर अवघे १२. त्या बारांत मामाने डोळे मिटले तर मामाला वर्षभर तेच ऐकवायचं.

वाशिष्ठी | ११ जून, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. जेवणं होऊन निवांत बसून वाचतोय, बायको मध्येमध्ये का हसतोस म्हणून विचारतेय. बरणीचा भाग तिला मुद्दाम वाचून दाखवला.

एफ_आठ, सांगितल्याप्रमाणे टॉर्च मारून पाहिलं. तंतू बहुतेक मागच्या बाजूच्या एका भिंगावर आहेत. जोडात आहेत का ते मला कळत नाहीये.

काका, तुमचा ‘कोंडून ठेवलं’ हा शब्द जरा लागला. पण खरं आहे. थोडं अवांतर : २२ जुलै २०२१ ला आमच्या तळमजल्यावर पाणी आलं. हॉलमधल्या शोकेसमध्ये सगळे अल्बम होते. दोन दिवसांनी चिखल काढला तेव्हा ते विटांसारखे झाले होते. आम्ही एकेक पान सोडवायला गेलो आणि चेहरे पानाला चिकटून निघून आले. आईबाबांच्या लग्नाचा एकही फोटो राहिला नाही. कॅमेरा वरच्या मजल्यावर होता म्हणून तो वाचला. जे पुराने केलं नाही ते कपाटाने केलं.

अंधारखोली | ११ जून, रात्री ९:४०

फोटो ओले असतानाच सोडवायचे असतात, वाळू द्यायचे नाहीत. पुन्हा कधी वेळ येऊ नये, पण इथे वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. चिकटलेला अल्बम स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवायचा, फोटो आपोआप सुटायला लागले की हलक्या हाताने वेगळे करायचे, चिखल पाण्यातच धुवायचा, फोटोच्या तोंडावर बोट घासायचं नाही. मग चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवायचे. एवढा वेळ हाताशी नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये. सवडीने काढता येतात.

आता महत्त्वाचं विचारतो. निगेटिव्ह कुठे आहेत?

पावशेर | ११ जून, रात्री ९:५०

आणि कॅमेऱ्यात रोल आहे का आत? मागचं दार उघडू नका! आधी रिवाइंडचा दांडा हळूच फिरवून बघा, अडतोय का. अडला तर आत रोल आहे. मी श्वास धरून बसलोय.

वाशिष्ठी | ११ जून, रात्री १०:०५

पावशेर, सोडा श्वास. दार मी पहिल्याच दिवशी उघडलं. रिकामा.

काका, निगेटिव्हचं विचारून येतो.

वाशिष्ठी | ११ जून, रात्री १०:४०

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्याच कपाटात, सगळ्यात खाली. आईला माहीत होतं. "तुम्ही कधी विचारलंत?" म्हणाली. लग्नाच्या नाहीत (ते फोटो गावातल्या स्टुडिओवाल्याने काढलेले), पण १९८७ नंतरच्या पट्ट्या आहेत. बऱ्याच. काही एकमेकींना चिकटल्यासारख्या वाटताहेत, ओढल्या नाहीत.

अंधारखोली | ११ जून, रात्री १०:४४

ओढू नका!! उद्या सकाळी लिहितो सविस्तर. आत्ता डबा बंद करा आणि झोपा.

एफ_आठ | १२ जून, सकाळी ८:३०

काकांचं सविस्तर येईपर्यंत : ज्या पट्ट्या मोकळ्या आहेत त्यांच्यासाठी स्कॅनर घ्यायची गरज नाही. टॅब किंवा मोबाइलवर पूर्ण पांढरा पडदा, त्याच्यावर दोन-तीन इंच उंचीवर दुधी अॅक्रेलिकचा तुकडा (नाहीतर पडद्यावरचे ठिपके येतात), त्यावर निगेटिव्ह आणि वरून डी-५६०० ने फोटो. मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम. रंग नंतर संगणकावर उलटवायचे. रंगीत निगेटिव्हचा तळ नारिंगी असतो, त्यामुळे पहिले दहा-वीस फोटो निळेशार येतील, घाबरू नका.

बर्फगोळा | १२ जून, सकाळी ९:१०

मॅक्रो नसेल तर साध्या लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब. फक्त नळी असते, काच नसतेच आत. त्यामुळे बुरशीही नाही :-)

वाशिष्ठी | २१ ऑगस्ट, रात्री ८:५०

धागा वर काढतोय. काहींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून.

लेन्स साफ झाली. जुलैत कोकणकन्येने गेलो, पहाटे सीएसएमटीला उतरलो. दुकानं उघडायला इतका वेळ होता की तीन चहा झाले. मग बोरा बाजार. जिन्याखाली एक माणूस, समोर टेबल, टेबलावर हिरवं कापड, त्यावर बहुधा पंचवीस स्क्रू ओळीने. लेन्स डोळ्याला लावली, "कोकण?" म्हणाला. मी हो म्हटलं. "पाऊस लेन्समध्ये दिसतो," म्हणाला. संध्याकाळी दिली. १८०० रुपये. तंतू गेले, एका भिंगावर नखाएवढा डाग राहिला. तो जाणार नाही असं त्याने आधीच सांगितलं होतं. समोरून दिवा आला की धुकं येतं, एफ_आठ म्हणाले होते तसंच.

कॅबिनेट घेतली नाही. डबा, जेल, मीटर. आज ४६ दाखवतोय. कढई वेगळी, दोऱ्यासकट.

आता मजा. लेन्स डी-५६०० वर चढवली तर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर चालत नाही.

एफ_आठ | २१ ऑगस्ट, रात्री ९:०२

चालणारच नाही. जुन्या मॅन्युअल लेन्सचं अॅपर्चर या बॉडीला कळत नाही. डी-७००० किंवा त्या ओळीतल्या बॉडींना रिंगचा आकडा वाचणारी खुंटी असते, तुमच्या मालिकेत नाही. एम (मॅन्युअल) मोडवर ठेवून अंदाजाने एक्सपोजर द्यावं लागेल. फोकसचा हिरवा ठिपका मात्र चालतो.

वाशिष्ठी | २१ ऑगस्ट, रात्री ९:२०

तेच सांगतोय. मी अंगणात उभा राहून एक फोटो काढतोय, बघतोय, काळा आला, पुन्हा काढतोय, पांढरा आला. बाबा झोपाळ्यावर होते. म्हणाले, "मीटर नसला म्हणून काय झालं, ढग बघ की. २०० चा रोल आहे ना?" म्हटलं बाबा रोल नाही, पण २०० वर ठेवलाय. "मग १२५ ला ८."

शटर १/१२५ ला, अॅपर्चर ८ वर ठेवलं. बरोबर आलं. एका फटक्यात.

मग ऊन पडलं की किती, व्हरांड्यात किती, तिन्हीसांजेला किती, हे ते न बघता सांगत गेले आणि मी रिंग फिरवत गेलो. एकही चुकला नाही. व्हरांड्यात थोडा काळपट आला तेव्हा म्हणाले, "तू उशीर केलास, ढग आला मध्ये."

मग मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. हात थरथरतोच. त्यांनी झोपाळा थांबवायला सांगितला, कोपर कडीला टेकवलं आणि आईचा एक काढला. ती तांदूळ निवडत होती. हिरव्या ठिपक्याचं मी सांगितलं, त्यांना तो दिसला नाही, त्यांनी रिंगेवरच केलं. थोडा हललाय. आई म्हणाली, "माझे केस विंचरलेले नाहीत, पुसून टाक."

कोकमकढी | २१ ऑगस्ट, रात्री ९:३१

पुसलात तर इथे परत येऊ नका.

मोहोर | २१ ऑगस्ट, रात्री ९:३५

+१. आणि तो हललेलाच लावा भिंतीवर.

अंधारखोली | २१ ऑगस्ट, रात्री ९:५०

बाबांना विचारा, १२५ ला ८ कुणाकडून शिकले. जुन्या रोलच्या खोक्याच्या आत चित्रं छापलेली असायची : सूर्य, ढगाआडचा सूर्य, नुसता ढग. आम्ही ती कापून केसमध्ये ठेवायचो. त्यांच्या चामड्याच्या केसच्या झाकणात बघा, बहुतेक सापडेल.

एफएम-२ चंही बघा. त्याचं शटर बॅटरीशिवाय चालतं, बॅटरी फक्त मीटरला लागते. त्यात रोल घाला एक.

नवखा_क्लिक | २१ ऑगस्ट, रात्री ९:५८

रोल अजून मिळतो?? कितीला?

तर्री_पोहे | २१ ऑगस्ट, रात्री १०:०३

मिळते. किंमत ऐकून तुमचा पण हात थरथरंल.

पावशेर | २१ ऑगस्ट, रात्री १०:०६

ते सगळं ठीक आहे. बरणीचं काय झालं?

वाशिष्ठी | २१ ऑगस्ट, रात्री १०:१५

बरणीत लोणचं आहे. चार बोटं तेल.

काका, केसच्या झाकणात खरंच आहे. अर्धं वाळवीने खाल्लंय, पण ‘नुसता ढग’ शाबूत आहे.